३१ ऑक्टोबर (संगीत दिनविशेष)

मराठी लोकप्रिय संगीताच्या दिनदर्शिकेत ३१ ऑक्टोबरचे स्थान फार वरचे आहे. १८८० साली याच तारखेला, दिवाळीच्या दिवसांतल्या रविवारी, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. प्रयोग पुण्यात झाला, पण कर्ता बेळगाव जिल्ह्याचा. किर्लोस्करांचा जन्म सौंदत्तीलगतच्या गुर्लहोसूरचा, आणि उमेदवारीची बरीच वर्षे बेळगावात नोकरी करता करता नाटके बसवण्यात गेली. साकी-दिंडी या मराठी पद्यप्रकारांबरोबर कर्नाटकी चालीही त्यांच्या पदांत सहज येतात, त्या या मातीतूनच.

त्या रात्री नवे घडले ते गाण्याच्या मांडणीत. विष्णुदास भावे यांच्या परंपरेत पदे सूत्रधार गाई आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल ते गद्य बोलत. शाकुंतलात प्रत्येक पात्र आपले पद आपण गाऊ लागले. दुष्यंत झाले मोरोबा वाघोलीकर, शकुंतला शंकरराव मुजुमदार, तर कण्व बाळकोबा नाटेकर. साथीला सारंगी आणि तबला. ऑर्गन संगीत नाटकात पुढे आला.

दिनविशेषाच्या फलकावर किंवा शाळेच्या परिपाठात ही नोंद लिहिताना ठरावीक चुका होतात. पहिली म्हणजे ‘संपूर्ण नाटक’ असे लिहिणे. त्या दिवशी सातपैकी पहिले चारच अंक झाले, उरलेले नंतर रंगभूमीवर आले. दुसरी, गायक नट भाऊराव कोल्हटकरांचे नाव घालणे. ते किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत १८८२ मध्ये आले. तिसरी तारखांची सरमिसळ: ३१ मार्च १८४३ हा किर्लोस्करांचा जन्मदिवस आणि २ नोव्हेंबर १८८५ हा मृत्युदिन. ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन तर भाव्यांच्या सांगलीतल्या १८४३ च्या प्रयोगाचा. तो शाकुंतलाला जोडू नये. दिवाळीच्या तिथीने हा दिवस पाळायचा म्हटले, तर तो इंग्रजी तारखेपासून दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे जातो आणि अधिक महिना आला की उडी मारून पुढे येतो. नोंद तारखेनेच ठेवावी.

या दिवशी नाट्यपदांची बैठक करायची असेल, तर आरंभ नांदीने, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या स्तवनगीताने होतो. नांदी सर्वांनी मिळून म्हणायची असते आणि गडबड तिथेच होते. पुरुष पेटीच्या काळी एक-दोन या पट्टीत (स्वरात) गातात, स्त्रिया काळी चार-पाचमध्ये; पुरुषांची पट्टी धरली की खालच्या ओळींत स्त्रियांचे आवाज बुडतात. पट्टी तालमीतच पक्की करावी, पेटीवाल्यावर सोडू नये. पदे पहिल्या चार अंकांतली निवडणे या दिवसाला जास्त शोभते. लांबीचे भानही हवे. शाकुंतलात सुमारे दोनशे पदे आहेत. प्रत्येकाला सात मिनिटे धरली तर नुसत्या गाण्यालाच तेवीस तासांहून जास्त लागतील. म्हणजे मूळ पदे आटोपशीर, कथा पुढे नेणारी होती. आलाप-तानांचा विस्तार नंतरच्या गायक नटांनी केला. आज बहुतेक ठिकाणी तीच विस्तारलेली गायकी मूळ चाल म्हणून ऐकवली जाते. ती सुंदर आहेच, पण १८८० चा नमुना ऐकवायचा तर एक-दोन पदे तरी तबल्याच्या सरळ ठेक्यावर, शब्द स्पष्ट ठेवून, दोन-तीन मिनिटांत म्हणावीत. सारंगी मिळाली तर उत्तम.

याच तारखेला १९७५ मध्ये संगीतकार सचिनदेव बर्मन मुंबईत निवर्तले. ‘मिली’ हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक. १९८४ च्या ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते थांबून शोकसंगीत सुरू झाले.

बेळगावात कार्यक्रमाची वेळ ठरवताना दुसऱ्या दिवसाचा विचार करावाच लागतो. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका असतात आणि मराठी भाषक काळा दिवस पाळतात, त्यामुळे आदल्या रात्रीपासूनच शहरात बंदोबस्त असतो. बैठक दुपारी चारला सुरू करून आठपर्यंत आटोपली, तर खानापूर-निपाणीकडच्या श्रोत्यांनाही वेळेत घरी पोहोचता येते.