सायटिका (गृध्रसी)

कमरेतून निघून कुल्ला, मांडीची मागची बाजू, पोटरी असे करत पावलापर्यंत उतरणारी कळ म्हणजे सायटिका. हा स्वतंत्र रोग नव्हे. कमरेच्या मणक्यांतून बाहेर पडणाऱ्या एखाद्या नसेच्या मुळावर दाब आला किंवा तिथे दाह झाला, की हे लक्षण दिसते. बोलण्यात ‘नस दबली’, ‘गादी सरकली’ असे म्हणतात. सायटिकेत कमरेपेक्षा पाय जास्त दुखतो, बहुधा एकच पाय दुखतो आणि दुखणे गुडघ्याच्या खाली जाते. शिंकले, खोकले किंवा शौचाला जोर केला की कळ पायात सणकते. रुग्णाला एवढे नीट सांगता आले तर निम्मे निदान तिथेच होते.

कंबर धरणे किंवा उसण भरणे हा वेगळा प्रकार आहे. त्यात स्नायू आखडतात, दुखणे कमरेतच राहते आणि काही दिवसांत आपोआप ओसरते. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, हा महाराष्ट्रातला जुना समज अशा दुखण्यांच्या जोरावर टिकला असावा. उसण तशीही जाणारच असते.

आपल्या दोन रूढ शब्दांनी बराच घोळ घातला आहे. ‘नस’ म्हटले की मराठीत रक्तवाहिनीही येते. मग ‘नस ब्लॉक झाली’ असे ऐकलेला माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळीची चौकशी करतो. इथली नस म्हणजे मज्जातंतू. दुसरा शब्द ‘सरकणे’. मणक्यांमधली गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, खुर्चीवरच्या उशीसारखी ती घसरत नाही. तिच्याभोवती चिवट तंतूंचे कडे असते आणि आत जेलीसारखा गर. वयानुसार गरातले पाणी कमी होते, कड्याला चीर पडते आणि एखाद्या दिवशी गर त्या चिरेतून बाहेर डोकावतो. पाण्याचा हंडा किंवा धान्याचे पोते उचलणे हे निमित्त ठरते, पण झीज कितीतरी आधी सुरू झालेली असते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. त्यामुळे ‘गादी बसवून देतो’ म्हणणारा हाडवैद्य नेमके काय बसवतो, हा प्रश्नच आहे.

सायटिक नस शरीरातली सर्वांत जाड नस आहे. उगमापाशी ती सुमारे २ सेंमी रुंद असते. कमरेच्या शेवटच्या दोन आणि त्रिकास्थीच्या, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या, पहिल्या तीन मुळांपासून (एल-४ ते एस-३; एल म्हणजे कंबर, एस म्हणजे त्रिकास्थी) ती बनते, कुल्ल्याच्या स्नायूंखालून मांडीत उतरते आणि गुडघ्याच्या मागे, लवणीच्या वर, दोन शाखांत विभागते. कुल्ल्यावर इंजेक्शन वरच्या बाहेरच्या चतुर्थांशातच द्यायचे, हा नियम या नसेसाठीच आहे. चुकीच्या जागी सुई गेल्याने पाऊल लुळे पडलेली मुले आपल्या देशातल्या दवाखान्यांना नवीन नाहीत.

आयुर्वेदात हा विकार ‘गृध्रसी’ या नावाने वातव्याधींत येतो. चरकसंहितेत वेदना कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशी क्रमाने उतरते असे वर्णन आहे. सुश्रुतसंहितेत मांडी उचलण्यास अडथळा होतो, हे मुख्य लक्षण सांगितले आहे. आजची सर्वांत उपयोगी तपासणी हाच अडथळा मोजते, म्हणून ते निरीक्षण दाद देण्याजोगे आहे. गृध्र म्हणजे गिधाड. रुग्णाची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगतात. युरोपात नेपल्सच्या दोमेनिको कोटुन्यो यांनी १७६४ मध्ये कुल्ल्याच्या सांध्याचे दुखणे आणि नसेचे दुखणे वेगळे काढले. तरीही कारण सापडायला आणखी १७० वर्षे गेली. गादीतून बाहेर आलेला गर शस्त्रक्रियेत सापडे, पण शल्यविशारद त्याला कूर्चेची गाठ समजत. बोस्टनचे मेंदूशल्यविशारद विल्यम मिक्स्टर आणि अस्थिशल्यविशारद जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले, की हा गादीचाच फुटलेला भाग आहे.

निदान : आपल्याकडचे डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात, आणि बुटांच्या देशात तो सुचणार नाही. “चालताना चप्पल निसटते का? निसटली तर कळते का?” निसटलेली कळत असेल तर स्नायूची ताकद कमी झाली आहे. चार पावले पुढे गेल्यावर मागे वळून चप्पल शोधावी लागत असेल तर पावलाची संवेदना गेली आहे. ही एका प्रश्नात झालेली तपासणीच.

मग रुग्णाला टाचांवर चालायला लावतात. चवडा वर राहत नसेल, अंगठा उचलताना जोर लागत नसेल आणि पावलाच्या वरच्या भागावर मुंग्या येत असतील तर एल-५ हे मूळ दबलेले असते. चवड्यावर उभे राहून टाच उचलता येत नसेल, करंगळीकडची कड बधिर असेल आणि टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारूनही पाऊल हलत नसेल तर एस-१. सायटिकेतल्या बहुतेक गाद्या या दोनच ठिकाणच्या असतात.

यानंतर रुग्ण उताणा झोपतो. डॉक्टर गुडघा सरळ ठेवून टाच हातात घेतात आणि पाय सावकाश उचलतात. २० अंशांपर्यंत काही होत नाही. ४० च्या सुमारास रुग्ण चादर मुठीत धरतो आणि “बस, बस” म्हणतो. पाय उचलला की नसेची मुळे काही मिलिमीटर खाली ओढली जातात, आणि दबलेल्या मुळाला तेवढेही सोसत नाही. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली तर चाचणी होकारार्थी धरतात. नुसते मांडीमागे ताणले गेले तर ती मोजत नाहीत. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर गादीबद्दल फारशी शंका उरत नाही. या चाचणीला फ्रेंच वैद्य लासेग यांचे नाव आहे. प्रत्यक्षात त्यांचे शिष्य फोर्स्ट यांनी ती १८८१ मध्ये लिहून ठेवली, आणि त्याच्या वर्षभर आधी सर्बियाचे वैद्य आणि कथाकार लाझा लाझारेविच यांनी ती मांडली होती.

एमआरआयची पाळी यानंतर येते. आता मात्र पुष्कळ जण फाइल घेऊनच दारात उभे राहतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांत निदान एक गादी फुगलेली होती आणि २७ टक्के लोकांत गर पुढे आलेला होता. म्हणजे रिपोर्टवर ‘डिस्क बल्ज’ लिहून आले म्हणून दुखणे तिथलेच, असे होत नाही. डाव्या पायाची कळ आणि उजवीकडे सरकलेला गर यांचा मेळ बसत नसेल तर रिपोर्ट बाजूला ठेवून पुन्हा पाय तपासावा. नसेच्या विद्युत चाचण्याही घाईत करून उपयोग नसतो. स्नायूतले बदल दिसायला साधारण ३ आठवडे लागतात.

पाय दुखण्याची दुसरी कारणे भारतात विशेष लक्षात ठेवावी लागतात. दोन्ही पावले मोजे घातल्यासारखी बधिर असतील तर आधी साखर तपासतात. चवडा पडला आहे पण कंबर दुखत नाही, अशा वेळी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेपाशी बोट फिरवून पाहतात. तिथे नस दोरीसारखी जाड लागली तर कुष्ठरोगाचा विचार करतात. रात्री वाढणारे दुखणे, बारीक ताप आणि घटणारे वजन असेल तर मणक्याचा क्षयरोग. वयस्क माणूस मंडईत शंभर पावले चालला की पाय भरून येतात आणि कट्ट्यावर बसले की मोकळे होतात, तेव्हा मज्जारज्जूची वाट अरुंद झालेली असते.

उपचार : बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, आणि मोठा तुकडा पुष्कळदा लहानापेक्षा लवकर विरतो. १९९९ च्या एका डच अभ्यासात १८३ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे झोपवून ठेवले आणि उरलेल्यांना जमेल तसे हिंडूफिरू दिले. दोन्ही गटांत फरक पडला नाही आणि १२ आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के रुग्ण सुधारले होते. तरीही ‘फळीवर महिनाभर झोपा’ हा सल्ला अजून ऐकू येतो. वजने लावून कंबर ओढण्याचा फायदाही सिद्ध झालेला नाही. वेदनाशामक गोळी, शेक, सोसेल तेवढे चालणे आणि पुढे व्यायाम, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. प्रीगॅबालिन हे नसेच्या दुखण्यावरचे औषध सर्रास लिहून दिले जाते, पण २०१७ च्या चाचणीत सायटिकेसाठी ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. मणक्यात दिलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनाने काही आठवड्यांचा थोडा आराम मिळतो.

थांबू नये अशी एक अवस्था मात्र आहे. लघवी अडकणे किंवा नकळत होणे आणि खोगिराला टेकतो तेवढा भाग, म्हणजे जांघा आणि गुदद्वाराभोवतीची जागा, बधिर होणे ही तिची लक्षणे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि खाली मुळांचा घोड्याच्या शेपटीसारखा झुबका लोंबतो. तो सगळाच दबलेला असतो. शक्यतो ४८ तासांच्या आत दाब काढावा लागतो. लाजेपोटी लघवीचे कोणी बोलत नाही, म्हणून डॉक्टरने आपणहून विचारावे. झपाट्याने वाढणाऱ्या लुळेपणातही वाट पाहत नाहीत.

बाकीच्यांच्या शस्त्रक्रियेचा निर्णय बहुधा सहा ते बारा आठवड्यांनी होतो. २००७ च्या आणखी एका डच चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के रुग्ण बरे होते. शस्त्रक्रियेसाठी वाट पाहिलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना दरम्यान शस्त्रक्रिया करावी लागली, हेही खरे. सूक्ष्मदर्शकाखाली करायची पद्धत १९७७ पासून प्रचारात आली. दोन-तीन सेंमीचा छेद घेऊन स्नायू बाजूला सारतात, हाडाची कड थोडी कुरतडतात आणि नसेचे ताणलेले मूळ हलकेच आत ओढून धरतात. तिच्याखाली पांढरट, खेकड्याच्या मांसासारखा तुकडा दिसतो. चिमट्याने तो निघाला की मूळ सैल पडते.

पायातली कळ बहुधा शुद्धीवर येतानाच गेलेली असते. ताकद यायला आठवडे-महिने लागतात आणि बधिरपणा सर्वांत उशिरा, कधी अर्धवटच जातो. टाचेमागचा झटका अनेकांत परत येतच नाही. दहा वर्षांनी एखाद्या नव्या डॉक्टरने तिथे हातोडी मारली आणि पाऊल हलले नाही, तर त्याला जुन्या ऑपरेशनची गोष्ट आधी सांगावी लागते.