फुलपाखरं आणि फुलांची क्लोजअप फोटोग्राफी

फुलपाखरू, फूल किंवा तसलंच काही छोटंसं जवळून, बारीकसारीक सगळं दिसेल असं टिपणं म्हणजे क्लोजअप फोटोग्राफी. वस्तू सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर, तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटली, म्हणजे १:१, की तिथून पुढे खरा मॅक्रो सुरू होतो, पण बोलताना सगळे सरसकट मॅक्रोच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही कारण अडचण दोन्हीकडे एकच आहे, जितकं जवळ जाल तितका शार्प येणारा पट्टा बारीक होत जातो.

किती बारीक? फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर १:१ ला एफ ८ ठेवलं (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तसं छिद्र लहान) तर जेमतेम १ मिलिमीटर, एफ १६ ला दोनच्या आतबाहेर. म्हणजे डोळा कडक आला तर मिशांची टोकं धूसर. मग एफ ३२ लावू की, असं वाटतं, पण छिद्र फार लहान केलं की डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे छिद्राच्या कडेला प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो, त्यात १:१ ला लेन्सचं एफ १६ हे परिणामाने एफ ३२ सारखं वागतं. म्हणून बहुतेक जण एफ ८ ते एफ १६ मध्येच राहतात.

खरी किल्ली आहे ती कॅमेरा कसा धरता त्यात, आणि नवीन माणसाला हे कोणी आधी सांगत नाही याचं वाईट वाटतं. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू जवळपास सपाट असतं. त्याच्या बरोब्बर बाजूला जाऊन सेन्सर पंखाला समांतर धरला की तो एक-दोन मिलिमीटरचा पट्टा अख्ख्या पंखावर बसतो, डोळा, सोंड, पंखाची कड सगळं शार्प. थोडंसं तिरकं झालं की निम्मा पंख गेला. पंख उघडे असतील तर वरून समांतर, आणि समोरून घेताना बाकीचं सोडून द्यायचं, फक्त डोळा धरायचा.

दुसरा शत्रू म्हणजे हालचाल. इतक्या जवळून हाताची बारीक थरथरही दिसते आणि वाऱ्याने डुलणारं फूल फ्रेमच्या बाहेरच जातं. शटर १/२५० सेकंदाच्या खाली न्यायचं नाही, शक्य तर १/५०० ठेवायचं, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, वाढला तर वाढू द्यायचा, कारण त्याने येणारा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सरळ होत नाही. फ्लॅश असेल तर त्याचा झोत इतका क्षणिक असतो की हालचाल गोठते, फक्त समोर प्रकाश पसरवून मऊ करणारा ट्रेसिंग पेपरचा डिफ्यूजर हवाच, नाहीतर पंखावर पांढरे चट्टे उठतात. फोकस मॅन्युअल ठेवून स्वतःच किंचित पुढेमागे डोलत बर्स्ट मारला, म्हणजे सलग भराभर फोटो घेतले, तर दहातला एखादा नेमका डोळ्यावर बसतो.

वेळ सकाळची. फुलपाखरांना उडायला अंगात ऊब लागते, त्यामुळे सकाळी ती पंख पसरून ऊन खात बसतात, वाराही कमी असतो. ओढ्याकाठच्या ओल्या मातीतले क्षार शोषायला जमणारे नर तर आणखी सोपे. सह्याद्रीतल्या एका वाटेवर ग्रास यलो या पिवळ्या फुलपाखरांच्या अशा घोळक्यापाशी मी पोटावर झोपून कोपरांवर सरकत गेलो, पहिल्यांदा माझी सावली त्यांच्यावर पडली आणि सगळी भुर्रकन उडाली, मग उन्हाची बाजू बदलून तसाच पडून राहिलो तर दहा मिनिटांत एकेक करून परत आली आणि एकाची सोंड वाळूच्या दोन कणांमध्ये टेकलेली व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट दिसली.

सगळ्यांना १:१ लागत नाही. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं ब्लू मॉरमॉन पंख पसरल्यावर १२ ते १५ सेंटीमीटर भरतं, त्यामुळे लांबूनही जमतं, पण ते मध पितानाही पंख फडफडवतच राहतं, तिथे १/१००० च्या वर जावं लागतं. उलट ग्रास ज्युवेल हे इवलंसं, दीड-दोन सेंटीमीटरचं, त्याला मॅक्रो लेन्सच हवी.

फूल उडून जात नाही, पण त्याला खोली असते. कासच्या सड्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं, गेंद अशी बोटाच्या पेराएवढी फुलं असतात आणि वारा थांबत नाही. दोन झुळकांच्या मधला क्षण पकडायचा, कॅमेरा फुलाच्या उंचीला आणायचा. अगदीच वारा नसेल तर फोकस थोडा थोडा सरकवत पाच-दहा फोटो घेऊन कॉम्प्युटरवर जोडता येतात, त्याला स्टॅकिंग म्हणतात.

लेन्स ९० ते १०५ एमएमची सोयीची, १:१ ला तिच्या तोंडापुढे साधारण १५ सेंटीमीटर जागा उरते. बजेट नसेल तर ५० एमएमच्या लेन्समागे एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी, लावूनही सुरुवात होते, मोबाईलवर क्लिपची लेन्सही चालते. सराव घरच्या कढीपत्त्यावर करावा, कॉमन मॉरमॉन हे फुलपाखरू तिथे अंडी घालायला येतं.

काही जण फुलपाखरू हलू नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवतात किंवा चिमटीत धरून फुलावर बसवतात. हे करू नये. कोषातून नुकतं बाहेर आलेलं, पंख वाळवत लटकलेलं फुलपाखरू दिसलं तर दुरूनच फोटो घ्यावा, फांदी हलवू नये. पंखावरचा रंग हा बारीक खवल्यांचा असतो आणि बोटाला लागून गेलेला खवला पुन्हा उगवत नाही.