गिटारच्या तोंडावरची दोन झाकणं

जून संपता संपता तासगावहून शिकायला येणारी एक मुलगी गिटार घेऊन आली आणि म्हणाली, तारा दाबताच येत नाहीत. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या धातूच्या आडव्या पट्टीवर, मोजपट्टी लावून पाहिली तर जाड ई तारेखाली चार मिलिमीटर जागा. एप्रिलमध्ये मीच ती अडीचवर बसवून दिली होती. गिटार आडवी धरून उजेडात बघितली, तर घोडीच्या (तारा जिथे पेटीवर अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) मागे तबली, म्हणजे पेटीची वरची फळी, फुगलेली आणि साऊंड होलमध्ये, म्हणजे तिच्या गोल भोकात, काळं रबरी झाकण. ते उपसलं तेव्हा त्याच्या पोटाला लोंबणारा स्पंज बाहेर आला, ओलाकच्च.

"पावसाची ओल आत जाऊ नये म्हणून लावलंय की सर," ती म्हणाली. "गणपतीत स्टेजवर तुम्ही लावलेलं बघितलं, तसंच ऑनलाइन मिळालं. त्याच्यावर लिहिलेलं स्पंज भिजवा, म्हणून भिजवला."

तिची काहीच चूक नव्हती. समोरून पाहिलं तर दोन्ही झाकणं सारखीच दिसतात. काळी, गोल, रबराची, साऊंड होलमध्ये दाबून बसवायची आणि हवी तेव्हा काढायची. पण मी स्टेजवर लावलं होतं ते फीडबॅकचं, म्हणजे गिटार घुमू नये म्हणून लावायचं झाकण आणि तिने घेतलं ते ह्युमिडिफायर, म्हणजे लाकडाला ओल देणारं. पहिल्याचा संबंध आवाजाशी, दुसऱ्याचा लाकडाशी. पहिलं वाजवताना लावायचं, दुसरं वाजवून झाल्यावर. त्या दिवशी तिला जे समजावून सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण तिच्यानंतर आणखी दोघांनी हाच प्रश्न विचारला.

आधी स्टेजवरचं झाकण. पिकअप (तारांचा आवाज विजेतून पुढे पाठवणारा भाग) असलेली गिटार मंडळाच्या स्टेजवर किंवा लग्नाच्या हॉलमध्ये ज्याने वाजवली आहे, त्याला तो आवाज सांगायला नको. एखादा खालचा सूर धरला की हूऽऽऽ असं घुमायला लागतं आणि थांबतच नाही. साऊंडवाला लांबून हात करतो, "दादा, गिटार घुमायला लागलीय!" याची साखळी साधी आहे. तारेचा आवाज पिकअपमधून मिक्सरला जातो, तिथून मॉनिटरला, आणि मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, तुमच्यापासून चार फुटांवर गिटारच्या अगदी तोंडासमोर ठेवलेला असतो. त्याचा आवाज गिटारची पेटी हलवतो, ती थरथर पिकअप पुन्हा पकडतो, पुन्हा वाढवून मॉनिटरला पाठवतो. प्रत्येक फेरीत आवाज आधीपेक्षा मोठा होऊन परत येत असेल, तर गिटार आपली आपणच वाजत राहते. यालाच फीडबॅक म्हणतात. ध्वनिशास्त्रात याला सोरेन लार्सन या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावानेही ओळखतात.

मग तो नेमका खालच्याच सुराला का घुमतो? रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की एकच ठरलेला सूर निघतो. गिटारची पेटी म्हणजे तशीच एक मोठी बाटली आणि साऊंड होल हे तिचं तोंड. आतली हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते, तोंडाशी असलेली हवा आत-बाहेर करते आणि त्या दोघींचा मिळून एक सूर ठरतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात या प्रकाराचा अभ्यास केला, म्हणून त्याला त्यांचं नाव. ड्रेडनॉट, म्हणजे आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या मोठ्या पेटीच्या गिटारमध्ये हा सूर साधारण १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपास असतो. जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी वाजतो तो ९८ हर्ट्झचा. जी कॉर्ड धरली की गिटार घुमते अशी तक्रार ऐकू येते ती बहुतेक वेळा इथूनच. खात्री करायची तर गिटार उचला, तोंड साऊंड होलजवळ न्या आणि खालच्या पट्टीतून हळूहळू वर चढत गुणगुणा. एका ठिकाणी पेटी तुमचा सूर उचलून धरते आणि छातीला लागलेली पाठ थरथरते. तोच तिचा सूर.

फीडबॅकचं झाकण हे तोंडच बंद करतं. तोंडाशी हवेची ये-जा थांबली की १०० हर्ट्झजवळचा तो उंचवटा मावळतो आणि मॉनिटर थोडा मोठा ठेवता येतो. एवढंच त्याचं काम, पण स्टेजवर ते फार मोलाचं आहे. रबराच्या कडेला खाच असते, तिच्यात साऊंड होलची कड बसते. डी आणि जी तारांच्या मधून झाकण दुमडून आत सरकवायचं आणि कडेकडेने बोटाने दाबत न्यायचं, तारा सोडवाव्या लागत नाहीत.

मात्र त्याच्याकडून सगळ्याच घुमण्याची अपेक्षा करू नका. साधारण २०० हर्ट्झजवळ गिटारचा दुसरा उंचवटा असतो आणि त्यात मुख्यतः तबलीचंच थरथरणं असतं. मोकळी जी तार १९६ हर्ट्झची, म्हणजे त्याला अगदी लागून. झाकण लावूनही मोकळ्या जीवर गिटार घुमत असेल, तर आणखी रबर लावून उपयोग नाही. तिथे मिक्सरवर तेवढाच पट्टा खाली आणावा लागतो, किंवा गिटारच्या प्रीअँपवर (पिकअपचा आवाज वाढवणाऱ्या डबीवर) नॉचची, म्हणजे एकच पट्टा कापणारी, किंवा फेजची, म्हणजे आवाजाची लाट उलटी करणारी कळ असेल तर ती वापरून पाहायची. तसं माझं मत विचाराल तर झाकणाकडे हात जायच्या आधी गिटारचं तोंड मॉनिटरपासून थोडं वळवा आणि साऊंडवाल्याला गिटारच्या चॅनेलवर लो कट लावायला, म्हणजे अगदी खालचे सूर गाळायला सांगा. निम्मं काम तिथेच होतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पिकअप कोणता आहे यावरही बरंच अवलंबून आहे. घोडीच्या हाडाखाली, म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात त्या पांढऱ्या पट्टीखाली, पिएझो (दाबावर चालणारा पिकअप) असेल तर झाकण उत्तम चालतं. पिकअप तारेचा जोर थेट उचलतो, त्यामुळे झाकणाने स्पीकरमधला आवाज फारसा बदलत नाही. साऊंड होलमध्येच अडकवायचा मॅग्नेटिक पिकअप असेल तर साध्या झाकणाला जागाच उरत नाही. आणि गिटारसमोर माईक लावून वाजवत असाल तर झाकण लावूच नका. माईकला जो भरदार आवाज हवा असतो, त्याचा तळच तुम्ही बंद करून टाकाल. घरी पिकअपशिवाय वाजवतानाही तेच. आवाज बारीक आणि पोकळ येतो, शेजाऱ्यांचा त्रासही म्हणावा तितका कमी होत नाही, कारण तबली उघडीच असते. कार्यक्रम संपला की झाकण काढून केबलच्या पिशवीत टाकायचं, हा माझा नियम आहे. याला आणखी एक कारण आहे. जुन्या किंवा महागड्या गिटारला नायट्रोसेल्युलोज लॅकरचं पॉलिश असेल, तर महिनोन्महिने चिकटून राहिलेल्या रबराचा डाग पडतो.

आता दुसरं झाकण, ज्याने त्या मुलीची गिटार फुगवली.

लाकूड कापून कितीही वर्षं झाली तरी ते हवेतली ओल पीत राहतं आणि सोडत राहतं. ओल प्यायलं की ते फुगतं, आणि तेही रेषांच्या दिशेने जवळजवळ नाही, रेषांना आडवं जास्त. गिटारची तबली कडेने चिकटवलेली, खालून पट्ट्यांनी बांधलेली. आडवं पसरायला जागा नाही, मग ती वर उचलली जाते. तिच्यावरची घोडी वर येते आणि तारा फ्रेटपासून दूर जातात. हवा कोरडी झाली की याच्या उलट. तबली खाली बसते, तारा फ्रेटला लागून बझ करतात, फिंगरबोर्ड आकसल्याने फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागतात आणि दुर्लक्ष केलं तर तबलीला चीर जाते. चिरेपर्यंत गेलेली गिटार मी एकदाच पाहिली, ती पुन्हा बघायची इच्छा नाही.

गिटारच्या बाहेरून पॉलिश असतं, आतलं लाकूड उघडं असतं. म्हणून ओलीची देवघेव मुख्यतः आतून, साऊंड होलच्या वाटेने होते. ह्युमिडिफायरची कल्पना यावरच उभी आहे. भिजवून पिळलेला स्पंज आत लोंबत ठेवायचा आणि वर झाकण, म्हणजे त्याची वाफ खोलीत न जाता पेटीतच राहते. दोन्ही वस्तूंना झाकण असण्याचं हे कारण आहे आणि गोंधळ होतो तोही इथेच. एकीत झाकण म्हणजेच ती वस्तू. दुसरीत खरी वस्तू स्पंज आहे, झाकण त्याच्या सोबतीला. विकत घेताना म्हणून वरचा फोटो बघू नका, मागचा बघा. खाली स्पंज, जाळीची डबी किंवा लांब नळी लटकत असेल तर तो ह्युमिडिफायर. मागची बाजू सपाट आणि कडेला खाच असेल तर ते फीडबॅकचं झाकण.

बहुतेक गिटार कंपन्या ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांभाळायला सांगतात. ह्युमिडिफायर फक्त ओल घालतो, काढून घेत नाही. ज्या देशांत हिवाळाभर घरात हीटर चालू असतात, तिथे हवा कोरडी पडते आणि तिथल्या लोकांना हे झाकण जीव की प्राण वाटतं. इंटरनेटवरचा सल्ला बराचसा तिकडचा. आपल्याकडे वर्षाचे दोन तुकडे पडतात. सांगलीत मार्च ते मे दुपारी माझ्या खोलीतला हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजणारं यंत्र, तिशीच्या खाली उतरतो, तेव्हा ह्युमिडिफायर खरंच कामाचा. एकदा पाऊस लागला की तोच काटा ऐंशी ओलांडतो. तेव्हा ओला स्पंज पेटीत ठेवणं म्हणजे भिजलेल्याच्या अंगावर आणखी तांब्या ओतणं.

आणि हे जिल्ह्याचं एक गणितही नाही. साताऱ्याचंच घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात लोक टँकरची वाट पाहतात. महाबळेश्वरच्या गिटारला कदाचित वर्षातून जेमतेम दोन महिने स्पंज लागेल, म्हसवडच्या गिटारला बराच जास्त काळ. म्हणून तारखेवर जाऊ नका, हायग्रोमीटर घ्या. स्वस्तातला डिजिटल चालतो, पण तो खरं बोलतो का ते तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा, विरघळू देऊ नका. ते आणि हायग्रोमीटर एका घट्ट डब्यात दिवसभर ठेवा. ओल्या मिठाच्या वरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. तुमचं यंत्र ७० दाखवत असेल तर पाच मिळवून वाचायचं, झालं.

वर्षभर एकच वस्तू वापरायची असेल तर दोन्हीकडून काम करणारी पाकिटं मिळतात. त्यांत मिठाचंच दाट द्रावण असतं, वेगळ्या क्षारांचं. हवा कोरडी असली की ते ओल सोडतं, दमट असली की ओढून घेतं. ही पाकिटं केसमध्ये आणि साऊंड होलमधून लोंबणाऱ्या पिशवीत ठेवतात. पावसाळ्यात ती लवकर फुगून संपतात, तेवढा खर्च धरून चाला. सिलिका जेलही चालतं, पण अधूनमधून पाहत राहावं लागतं, नाहीतर ते हवा नको इतकी कोरडी करतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. तुमची गिटार लॅमिनेटच्या, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेल्या तबलीची असेल, आणि सुरुवातीच्या किमतीतल्या बहुतेक तशाच असतात, तर ह्युमिडिफायरवर पैसे घालू नका. थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ती कमी हलते. केसमध्ये ठेवा, भिंतीला किंवा उन्हाला लावून ठेवू नका, पुष्कळ झालं. साऊंड होलची कड वाकून बघा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेच्या जाडीत सलग खाली उतरलेल्या दिसल्या तर सॉलिड टॉप, म्हणजे अखंड लाकडाची तबली, सँडविचसारखे थर दिसले तर लॅमिनेट. स्टेजवर मात्र दोन्ही घुमू शकतात, फीडबॅकचं झाकण कोणत्याही गिटारला लागू शकतं.

झाकणांची अदलाबदल चालते का, हेही विचारतात. फीडबॅकचं झाकण लावून गिटार ठेवली तर आतल्या लाकडापर्यंत बदल पोहोचायला थोडा उशीर होतो, एवढंच. ओल ना घातली जाते, ना काढली जाते. ह्युमिडिफायर लावून स्टेजवर तर बिलकूल जाऊ नका. ओला स्पंज हलतो, पाणी प्रीअँपच्या वायरींवर गळू शकतं, आणि हलकं झाकण सैल बसलं तर तेच थरथरायला लागतं.

मिरज इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तबली, घोडी हे शब्द मी गिटारलाही वापरतो ते तिथल्या वाद्य बनवणाऱ्यांच्या गल्लीत जाऊन जाऊन जिभेवर बसले म्हणून. तिथे वाद्याला गवसणी घालतात, पण गवसणी वाद्य वाजवायच्या वेळी उतरते. या दोन झाकणांपैकी ह्युमिडिफायर गवसणीच्या जातीचा आहे. फीडबॅकचं झाकण त्या जातीचंच नाही. त्या मुलीला हे असं सांगितल्यावर चटकन कळलं. तिच्या घरी आजोबांचा तंबोरा आहे.

विकत घेण्याआधी साऊंड होलचा व्यास मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारला साधारण १०० मिलिमीटर असतो, नायलॉनच्या क्लासिकलला ८५ च्या आसपास. मोठं घेतलं तर दाबून बसवताना नक्षीची कड दुखावते, लहान घेतलं तर पेटीत पडतं आणि मग गिटार उलटी करून हलवत बसावं लागतं.

तिचा स्पंज त्याच दिवशी काढला आणि केसमध्ये दोन्हीकडून काम करणारी दोन पाकिटं ठेवली. तारांना हात लावला नाही, घोडीचं हाडही घासलं नाही. फुगलेल्या लाकडावर हाड घासलं की उन्हाळ्यात तारा फ्रेटला टेकतात. महिन्याभराने, नागपंचमीच्या आसपास, पुन्हा पट्टी लावली तेव्हा बाराव्या फ्रेटवर तीन मिलिमीटर होते. एफ कॉर्ड वाजली, सहाही तारा स्वच्छ.