दुपारी सुरू न होणारी गाडी

सकाळी किल्ली फिरवली की लगेच सुरू. दुपारी तुळजापूरहून येऊन नवी पेठेत वीस मिनिटं लावून ठेवली की तीच गाडी ढिम्म. संध्याकाळी मेस्त्री येतो, किल्ली फिरवतो, पहिल्या झटक्यात इंजिन चालू. "काय नाही मालक, गाडी ओके आहे." पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी बाळगणाऱ्या सोलापूरकराला हा प्रकार नवा नाही. मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते, नंतर प्लग, मग कॉईल, आणि दोष तिथेच राहतो.

अधूनमधून येणाऱ्या दोषालाही वेळापत्रक असतं. आपल्याकडे ते बहुधा उष्णतेशी बांधलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा ४० अंशांच्या वर असतो. त्यात इंजिन बंद केल्यावर बॉनेटखालचं तापमान लगेच उतरत नाही, आधी वाढतं. पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो आणि तापलेल्या धातूतली उष्णता आजूबाजूच्या भागांत शिरते. पहिली पंधरा-वीस मिनिटं सर्वांत वाईट. म्हणून पाच मिनिटांत परत आलात तर गाडी सुरू होते, तासाभरानेही होते, मधल्या वेळेत मात्र अडते.

अडलेल्या क्षणी पहिला प्रश्न एकच: सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फिरवा देणारी स्टार्टर मोटर, फिरतो का?

फिरत नसेल आणि नुसता 'कट्' असा आवाज येत असेल, तर पेट्रोल आणि प्लगकडे बघूच नका. सेल्फला फिरताना १००-१५० अँपिअर करंट लागतो. एवढ्या करंटपुढे तारेतला क्षुल्लक रोधही महाग पडतो. टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या थरामुळे किंवा गंजलेल्या अर्थिंगमुळे (बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडी-इंजिनला जोडणारी पट्टी) ०.०२ ओहम रोध आला, तर १५० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. बारा व्होल्टच्या यंत्रणेत ३ व्होल्ट म्हणजे पाव हिस्सा. गंमत अशी, की साध्या मल्टिमीटरवर ०.०२ ओहम नीट मोजताही येत नाही. हेडलाइट तर झकास लागतात, कारण त्यांना जेमतेम दहा अँपिअर लागतात. "लाइट लागतायत म्हणजे बॅटरी चांगली" हा निष्कर्ष त्यामुळेच फसवा.

उष्णता यात भर घालते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. सेल्फवरच्या सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फचा करंट चालू करणाऱ्या चुंबकी स्विचची, कॉईल ७० अंशांनी तापली तर रोध पाव हिश्शाहून जास्त वाढतो, करंट साधारण पाचव्या हिश्शाने घटतो आणि आतला सरकता दांडा, म्हणजे प्लंजर, ओढण्याची ताकद कमी पडते. किल्लीच्या स्विचचे संपर्क झिजलेले असतील तर मग एवढं पुरे होतं. सेल्फवर पान्याने हलकेच ठोकल्यावर तो फिरला, तर आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजले असण्याची शक्यता मोठी. हा उपाय नव्हे, निदान आहे. गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला हवा, हे वेगळं सांगायला नको.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेटत नाही, ही वेगळी कथा. कार्ब्युरेटरच्या गाडीत, म्हणजे जुन्या मारुती ८००सारख्या, पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. नळीत वाफ भरते आणि पंप वाफ ढकलत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकून गाडी सुरू करणारे जुने ड्रायव्हर बरोबरच करत होते. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीत असतो आणि नळीत दाब जास्त, त्यामुळे वाफेचा त्रास क्वचित. तिथे संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर, घ्यावा: आतली बारीक तार तापल्यावर तुटते, थंड झाल्यावर पुन्हा टेकते. काही गाड्यांत सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नाही, ही त्याची खूण. रिलेमधला (विजेवर चालणारा छोटा स्विच) भेगाळलेला सोल्डरही असाच वागतो.

बॅटरीचा स्वभाव उलटा. उन्हाने तिचं आयुष्य कमी होतं, पण मे महिन्यात झालेलं नुकसान उघड होतं डिसेंबरच्या सकाळी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ फिरताना ९.६च्या खाली गेली तर तपासून घ्या.

नवा पार्ट घेण्याआधी एक चाचणी करा, आणि गाडी अडलेली असतानाच करा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, म्हणजे खुद्द शिशावर, क्लॅम्पवर नाही. दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणालातरी किल्ली फिरवायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं सँडपेपरने घासा, घट्ट आवळा. मग तसंच पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फच्या जाड बोल्टच्या दरम्यान मोजा. दोन्हीकडे आकडा कमी, बॅटरीही धडधाकट आणि तरी नुसता 'कट्', तर सेल्फ खोलायला सांगा.