बाहुलीला सात वेळा सुई

पाच वर्षांची माझी भाची रक्ततपासणी करून आली आणि त्याच संध्याकाळी तिने बाहुलीला सुई टोचायला घेतली. सुई म्हणजे खराट्याची काडी. "हात ताठ ठेव. रडायचं नाही. झालं, झालं!" झालं की पुन्हा पहिल्यापासून. मी मोजलं, सात वेळा. आजी मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला निघाली. मी तिला थांबवलं, कारण पोरीच्या भीतीवरचा उपाय समोर चालू होता.

प्ले थेरपी, म्हणजे खेळातून मुलांवर केला जाणारा मानसोपचार, म्हटलं की हमखास ऐकू येतं, "खेळायचे कसले पैसे? पोरं घरी खेळतातच की!" खरंय. पण भीती कशी कमी होते ते समजून घेतलं, तर थेरपिस्टचं काम कळतं.

मेंदूत कानशिलांच्या आतल्या बाजूला बदामाएवढा अमिग्डाला असतो. स्पिरिटचा वास, पांढरा कोट आणि वेदना यांची गाठ तिथे बसते, कधीकधी एकाच अनुभवात. भीती गेली म्हणजे गाठ सुटली, असं आपण समजतो. तसं होत नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांना आवाजापाठोपाठ खाणं मिळायची सवय झाली होती, म्हणून नुसत्या आवाजालाही लाळ सुटायची. मग त्याने खाणं न देता नुसता आवाज ऐकवत ठेवला, तशी त्यांची लाळ थांबली. मध्ये थोडा वेळ जाऊ दिला, तर त्याच आवाजाला ती पुन्हा सुटली! जुनी नोंद शाबूत होती. तिच्या शेजारी नवी नोंद झाली होती, 'आवाज आला, तरी काही मिळत नाही' अशी. भीतीचंही तसंच. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स अमिग्डालामधल्या खास पेशींना चेतवतो, त्या गाबा हे रसायन सोडतात आणि भीतीचा संदेश पुढे देणारं केंद्र शांत होतं. म्हणजे हा ब्रेक आहे, खोडरबर नाही. 'मुलांची भीती एका सत्रात कायमची पुसतो' अशा जाहिरातींवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

पण नवी नोंद व्हायला अनुभव वेगळा यावा लागतो. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या चाउचिल्ला गावी २६ मुलांची शाळेची बस पळवून त्यांना जमिनीखाली पुरलेल्या ट्रकमध्ये कोंडलं होतं. सगळी जिवंत सुटली. मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर त्यांना पुढे भेटत राहिल्या. काही मुलं तोच प्रसंग खेळत होती, पण हसू नाही, बदल नाही, शेवट तोच. तो खेळ त्यांना हलकं करत नव्हता.

थेरपिस्ट लागतो तो इथे. मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तो घाई करत नाही, उपदेश करत नाही. मूल बाहुलीला आपटतं तेव्हा म्हणतो, "तिचा फार राग आलाय तुला." सूत्रं मुलाच्या हातात, आणि शेजारी न घाबरणारं, न रागावणारं मोठं माणूस. मूळ प्रसंगात नेमक्या याच दोन गोष्टी नव्हत्या.

अजून एक अडचण आहे. नवी नोंद जागेला चिकटते. एका पिंजऱ्यात भीती शमलेला उंदीर दुसऱ्या पिंजऱ्यात पुन्हा थिजतो. खेळखोलीतला धीर घरीही टिकायला हवा. २००५ मध्ये प्ले थेरपीवरचे ९३ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पालकांनाच शिकवून त्यांच्याकडून खेळून घेतलेल्या उपचारांचा परिणाम अधिक दिसला. मला वाटतं, त्याचं एक कारण हे असावं.

दुसऱ्या दिवशी भाचीने काडी पुन्हा काढली. मी फोन बाजूला ठेवून शेजारी बसलो. या वेळी बाहुली म्हणाली, "थांब, मला आधी दहा मोजू दे." आणि डॉक्टर थांबली.