रेडिएटरचा पंखा : बेल्टवरचा आणि विजेवरचा

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या रेडिएटरमधून हवा खेचणारा पंखा दोन प्रकारे फिरवला जातो : इंजिनाच्याच जोरावर फॅन बेल्टने, किंवा बॅटरीवर चालणाऱ्या मोटरने. यांपैकी कोणता घ्यावा हा प्रश्न नव्या गाडीच्या मालकापुढे येत नाही. कंपनीने तो आधीच सोडवलेला असतो. जुनी जीप किंवा अ‍ॅम्बॅसॅडर नीट करून वापरणाऱ्याला, किंवा गाडीत दुसरे इंजिन बसवणाऱ्याला मात्र तो सोडवावाच लागतो. त्यासाठी आधी गाडी नेमकी कुठे तापते, हे पाहावे.

इंधन जळून निघालेल्या उष्णतेचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा कूलंटमार्गे, म्हणजे इंजिनातून फिरणाऱ्या थंड करणाऱ्या पाण्यामार्गे, रेडिएटरमधून बाहेर जातो. ताशी ५०-६० किमीच्या पुढे समोरून येणारी हवाच बहुतेक वेळा पुरते, त्यामुळे सपाट महामार्गावर पंख्याला फारसे काम नसते. त्याची खरी गरज पडते ती कोंडीत उभ्या असलेल्या आणि ओझे घेऊन खालच्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीला. दोन्हीकडे गाडीचा वेग कमीच, पण इंजिनाची स्थिती अगदी निराळी. कोंडीत ते मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवर नुसते चालू असते. खंबाटकी किंवा कसारा घाटात तेच दुप्पट-तिप्पट फेऱ्यांवर रेटले जाते.

बेल्टवरचा पंखा बहुधा वॉटर पंपाच्या पुलीवर बसतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांनुसार त्याचा वेग कमी-जास्त होतो. घाटात तो जोरात फिरतो, म्हणजे नेमकी गरज असते तिथे भरपूर हवा ओढतो. कोंडीत मात्र तो मंदावतो. शिवाय पंख्याचा वेग दुप्पट झाला की हवा दुप्पट मिळते, पण त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. त्यामुळे थेट जोडलेला पंखा महामार्गावर गरज नसतानाही इंजिनाची ताकद खातो आणि आवाजही करतो.

त्यावर काढलेला तोडगा म्हणजे व्हिस्कस फॅन. पंखा आणि पुली यांच्यामध्ये एक क्लच असतो, त्यात सिलिकॉन तेल भरलेले असते. क्लचच्या तोंडाशी दोन धातूंच्या पट्टीची छोटी गुंडाळी दिसते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ही गुंडाळी वळते, आतली झडप उघडते, तेल खाचा असलेल्या चकत्यांमध्ये शिरते आणि त्याच्या चिकटपणामुळे पंखा पुलीबरोबर ओढला जातो. हवा निवली की तेल परत मागच्या कप्प्यात जाते आणि पंखा सैल फिरू लागतो. सकाळी पहिल्यांदा इंजिन चालू केल्यावर मिनिटभर पंख्याची जोरदार घरघर ऐकू येते आणि मग ती शमते. रात्रभरात चकत्यांमध्ये उतरलेले तेल मागे जायला तेवढा वेळ लागतो. तो बिघाड समजू नये. एकही वायर नसलेली ही रचना वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना हीच, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

विजेच्या पंख्याला इंजिनाच्या फेऱ्यांशी देणेघेणे नसते. कूलंट साधारण ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की थर्मोस्विच (तापमानावर चालणारे बटण) किंवा इंजिनाचा संगणक रिलेला, म्हणजे मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचला, आदेश देतो आणि मोटर सुरू होते. काही अंश उतरले की बंद होते. एसी लावल्यावरही तो चालू होतो, कारण रेडिएटरच्या पुढे असलेल्या, एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरलाही हवा हवी असते. लहान गाड्यांमध्ये तो रुळण्याचे कारण मात्र आधी जागेचे होते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत इंजिन आडवे बसते, पुलीचे तोंड चाकाकडे होते आणि बेल्टवरचा पंखा रेडिएटरसमोर आणणे अवघड होते. १९८३ साली आलेली मारुती ८०० अशीच होती. अ‍ॅम्बॅसॅडरचे इंजिन गाडीच्या लांबीला समांतर असल्याने तिथे बेल्टवरचा पंखा सहज बसला.

अवजड ट्रकांनी यांत्रिक पंखा सोडलेला नाही. मोटारीच्या विजेच्या पंख्याला ३०० वॅटच्या आसपास शक्ती लागते, तर मोठ्या ट्रकचा पंखा पूर्ण वेगात वीसेक किलोवॅट घेऊ शकतो. एवढी वीज २४ व्होल्टवर पुरवणे व्यवहार्य नाही.

मायलेज वाढेल या आशेने पंखा बदलणारे पुष्कळ भेटतात. थेट जोडलेला पंखा काढला तर थोडा फायदा होतो. चांगल्या स्थितीतला व्हिस्कस फॅन काढून विजेचा लावण्यात मात्र फारसे काही हाती लागत नाही, आणि ओझे घेऊन घाट चढणाऱ्या गाडीत तो काढूच नये. शहरात रोज कोंडीत अडकणाऱ्या, एसी बसवलेल्या जुन्या मोटारीला विजेचा पंखा जरूर लावावा. पण आधी वीज मोजावी. ३०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर २५ अँपिअर, आणि मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. इंजिनावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर नुसत्या चालू इंजिनावर पूर्ण क्षमतेने वीज देत नाही. त्याच कामाचा जुन्या पद्धतीचा डायनॅमो असलेल्या गाडीत तर आधी अल्टरनेटर बसवावा. जाड वायर, स्वतंत्र फ्यूज आणि रिले यांना पर्याय नाही. हेडलाइटच्या वायरीला जोड देऊन चालवलेला पंखा एक दिवस वायरी वितळवतो.

पंखा कोणताही असो, त्याभोवतीचे आवरण, म्हणजे श्राउड, काढून ठेवू नये. त्याच्याविना हवा पात्यांसमोरच्या गोलातूनच येते आणि रेडिएटरचे कोपरे तापलेलेच राहतात. दुरुस्तीनंतर ‘अडचण होते’ म्हणून ते गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेले दिसते, आणि मग दोष पंख्याला दिला जातो.

पावसाळ्यात खोल पाण्यातून गाडी काढताना बेल्टवरच्या पंख्याची पाती पाण्याच्या दाबाने पुढे वाकून रेडिएटर कापू शकतात. विजेच्या पंख्याचा धोका वेगळा : काही गाड्यांमध्ये तो चावी काढल्यावरही अचानक फिरू लागतो. म्हणून तिथे हात घालण्याआधी बॅटरीची वायर सोडवावी.

बिघाड ओळखताना, गरम इंजिन बंद करून व्हिस्कस फॅन हाताने फिरवावा. काही अडथळा न होता तो गरगरत राहिला, किंवा क्लचच्या मध्यातून तेलाचे ओघळ दिसले, तर क्लच गेला. विजेचा पंखा एसी लावल्यावर फिरतो, पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, असे असेल तर मोटर बहुधा ठीक असते. दोष थर्मोस्विचमध्ये, सेन्सरमध्ये किंवा त्यांच्या वायरीत शोधावा.