माशाच्या पाठीवरचा टॅग गळतो कशामुळे?

जर्मनीत हाइलब्रॉनजवळ १४९७ साली सापडलेल्या पाइक या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या कल्ल्यात म्हणे सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३० साली घातलेलं कडं होतं. म्हणजे मासा २६७ वर्षांचा! पुढे मानहाइमला जपून ठेवलेला त्याचा सांगाडा तपासला, तर मणके अनेक माशांचे जोडलेले निघाले. तरी ही कथा काही मरत नाही. इकडे गोड्या पाण्यातल्या माशांना मोजणीसाठी, ओळखचिठ्ठीसारखे आजचे नायलॉनचे टॅग लावले, तर त्यातले काही पहिल्या वर्षातच गळतात.

सर्वाधिक वापरातला टॅग म्हणजे टी-बार, म्हणजे आतल्या टोकाला इंग्रजी T सारखी आडवी दांडी असलेला. कपड्यांच्या दुकानात किमतीची चिठ्ठी अडकवतात तशाच पिस्तुलाने तो बसवतात. पाठीवरच्या पराच्या मागच्या भागाखाली, खवल्यांच्या फटीतून सुई तिरकी, डोक्याच्या दिशेने साधारण ४५ अंशांत खुपसायची, म्हणजे टॅग शेपटीकडे झुकतो. पराला आधार देणारे हाडांचे काटे मांसात उभे रुतलेले असतात. सुईचं टोक दोन काट्यांमधून मध्यरेषेपलीकडे गेलं पाहिजे. मग घोडा दाबायचा, पिस्तूल पाव फेरा फिरवायचं आणि सुई काढायची. टी आडवा होऊन काट्यांमागे अडकतो. टॅग हलकेच ओढून पाहायचा. सरकला तर तो नुसत्या मांसात आहे.

खरी गोम इथेच आहे. मांसातला टी शेपटीच्या प्रत्येक फटक्यासरशी हलतो, जखम भरत नाही, भोक रुंदावतं. त्यात टॅगवर शेवाळ चढतं, पाण्याची ओढ वाढते, पाणवनस्पतीत किंवा जाळ्यात तो अडकतो. बोथट सुईने खवला आत ढकलला गेला तर जखम आणखी चिघळते. लहान माशांचे काटे इतके बारीक की टीला पकडच मिळत नाही.

याचा फटका तळ्यातले मासे मोजण्याच्या गणिताला बसतो. तळ्यात ५०० मासे टॅग करून सोडले, नंतर ४०० पकडले, त्यात २० टॅगवाले; एकूण मासे ५०० × ४०० ÷ २० = १०,०००. पण २० पैकी ४ टॅग गळले असतील, तर उत्तर येतं १२,५००. नसलेल्या माशांच्या भरवशावर मासेमारीची परवानगी दिली जाते.

म्हणून काही माशांना दोन टॅग लावतात. समजा, पुन्हा पकडलेल्यांत दोन्ही टॅग असलेले ८० आणि एकच उरलेले ४० आहेत. ८० माशांवरचे टॅग १६०, म्हणून टिकण्याचं प्रमाण १६० ÷ (१६० + ४०), म्हणजे ०.८. दोन्ही गळण्याची शक्यता ०.२ × ०.२, म्हणजे ४ टक्के. मात्र दोन्ही टॅग एकाच कच्च्या हाताने बसवले असतील तर ते एकत्रच गळतात आणि हे प्रमाण फसवं चांगलं दिसतं. त्यावर उपाय म्हणून एका पराचं टोकही कापतात, म्हणजे दोन्ही टॅग गळलेला मासाही ओळखता येतो. पर पुन्हा वाढला, तरी त्याची किरणं, म्हणजे त्याला ताठ ठेवणाऱ्या काड्या, बहुधा वाकडी येतात.